रान्सेच्या मागावर

टॉमस मर्टन या अमेरिकन संन्याशाची पुस्तकं मी गेली काही वर्षं आवडीने वाचते आहे. 1941 साली तो केंटकी राज्यातल्या गेथसेमनीच्या मठात दाखल झाला आणि अखेरपर्यंत त्या मठाचाच राहिला. हा मठ ट्रॅपिस्ट संन्याशांचा. फार कमी बोलायचं, शेतात राबायचं, मांस वर्ज्य, मध्यरात्र उलटल्यावर उठून प्रार्थनेला उभं राहायचं, असं त्यांचं जिणं. या सगळ्याचं मूळ शोधायला गेलं की एकच नाव समोर यायचं : आर्माँ-जाँ ल बुतिये द रान्से, फ्रान्समधल्या ला त्राप मठाचा सतराव्या शतकातला ॲबट. ॲबट म्हणजे मठाचा प्रमुख, मठाधिपती, एवढंच मला ठाऊक होतं. त्याला नेमतं कोण, त्याच्यावर सत्ता कोणाची, यातलं काहीही नाही. मर्टनच्या मठातलं मौन मला ओढत होतं, म्हणून ते मौन इतक्या कडक रूपात आणणाऱ्या माणसाचं चरित्र वाचायला घेतलं. सुरुवातीलाच कळलं की रान्से ट्रॅपिस्ट संघाचा संस्थापक नव्हताच. तो सिस्टर्शियन पंथातला. ट्रॅपिस्टांचा स्वतंत्र संघ उभा राहिला 1892 साली, त्याच्या मृत्यूला जवळपास दोनशे वर्षं उलटल्यावर.

मग सिस्टर्शियन म्हणजे कोण, इथून अभ्यास सुरू झाला. 1098 साली रोबेर नावाचा एक ॲबट मोलेमचा आपला मठ सोडून वीसेक साथीदारांसह बर्गंडीतल्या सीतोच्या रानात जाऊन राहिला. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठांसाठी लिहिलेली नियमावली काटेकोर पाळायची, हा त्यांचा आग्रह. सीतोच्या लॅटिन नावावरून पंथाचं नाव पडलं. अंगावर न रंगवलेल्या लोकरीचा झगा. पुढे 1115 साली बर्नार्डने क्लेर्व्होचा मठ काढला आणि बघता बघता युरोपभर या पंथाचे शेकडो मठ झाले. बेनेडिक्टची मूळ नियमावली मी आधी वाचून काढली. 73 छोटी प्रकरणं, एका बैठकीत वाचून होणारी. शिक्षांची जंत्री असेल या अपेक्षेने उघडली, तर त्यात शिजवलेले पदार्थ दोन ठेवावेत असं निघालं, म्हणजे एक सोसत नसेल त्याला दुसरा खाता येईल. आजाऱ्याला मांस द्यावं. वाइन संन्याशाला शोभत नाही, पण हल्लीच्यांना ते पटवून देता येत नाही, तेव्हा निदान बेताने प्यावी. माणसाच्या कमजोरीची एवढी जाण असलेलं पुस्तक! याच पुस्तकाचा आधार घेऊन रान्सेने पुढे जे केलं ते कसं केलं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला.

रान्सेचा जन्म 9 जानेवारी 1626 चा, पॅरिसमधला. वडील राजमाता मारी द मेदिचीचे सचिव. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून उभा राहिला तो कार्डिनल रिशल्यू, फ्रान्सचा सर्वेसर्वा. मुलाला आर्माँ-जाँ हे नावही त्याचंच. हा धाकटा मुलगा माल्टाच्या लढवय्या पंथात जायचा होता. पण 1637 मध्ये थोरला भाऊ वारला आणि भावाच्या नावावरची सगळी धर्मपदं, ला त्रापच्या ॲबटपदासकट, या अकरा वर्षांच्या पोराच्या नावावर चढली. मी इथे अडखळले. न दीक्षा, न व्रत, आणि मठाचा प्रमुख? तेव्हा 'कॉमेंडम' या पद्धतीची ओळख झाली. 1516 मध्ये पोप आणि फ्रान्सचा राजा यांच्यात करार झाला आणि मठांचे ॲबट सुचवायचा हक्क राजाकडे आला. राजा हे पद मर्जीतल्या घराण्यांना देई. पदाधिकारी मठात राहत नसे, झगा घालत नसे; उत्पन्नाचा मोठा वाटा तेवढा त्याच्याकडे जाई. आपल्याकडच्या वतनासारखाच हा मामला. संन्यासी मागे उरलेल्यात गुजराण करत आणि छपरं गळत राहत. ला त्रापचं छप्पर गळण्यामागे पुढे सुधारक म्हणून गाजलेला रान्सेच पंचवीस वर्षं होता, हे लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले.

त्याच्या तारुण्याची पानं भराभर वाचली, कारण ती सरळ आहेत. बुद्धी असामान्य. तेराव्या वर्षी, 1639 मध्ये, त्याने अनाक्रेऑन या ग्रीक कवीच्या कविता टिपांसह छापून रिशल्यूला अर्पण केल्या. मदिरा आणि प्रेम हेच त्या कवितांचे विषय! 1651 मध्ये काकांनी, म्हणजे तूरच्या आर्चबिशपांनी, त्याला धर्मगुरूची दीक्षा दिली. धर्मशास्त्राच्या परीक्षेत तो पहिला आला. पुढे फ्रान्सचा सर्वश्रेष्ठ धर्मवक्ता ठरलेला बोस्युए त्याच्या मागे होता. तूरजवळ व्हेरे इथे देखणी जहागीर, शिकारीचा नाद, दरबारी बैठका. धर्मगुरू असून हे सगळं त्याला खटकत नव्हतं आणि भोवतालच्या कोणालाही खटकत नव्हतं.

यानंतर येते सगळ्यांना ठाऊक असलेली कथा. मोंबाझोंची डचेस हे त्या काळातलं गाजलेलं सौंदर्य, वयाने रान्सेपेक्षा बरीच मोठी, आणि रान्सेची तिच्या घरी सतत ये-जा. 28 एप्रिल 1657 रोजी ती थोड्याच आजारानंतर गेली. कथा अशी की रान्सेला याचा पत्ता नव्हता. तो दौड करत आला, थेट तिच्या दालनात शिरला आणि समोर शवपेटी. पेटी तोकडी पडली म्हणून कारागिरांनी धड बसवायला शिर वेगळं केलं होतं आणि ते शेजारीच ठेवलेलं. त्या क्षणी त्याला वैराग्य आलं. भर्तृहरीची गोष्ट ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला ही कथा खरी असावी असं फार वाटत होतं. एक घाव आणि संसार संपला, ही मांडणी आपल्या मनात घट्ट रुजलेली असते. शातोब्रियांसारख्या थोर लेखकाने 1844 मध्ये लिहिलेल्या रान्सेच्या चरित्रातही ती आहे. हे त्याचं शेवटचं पुस्तक; पापनिवेदन ऐकणाऱ्या त्याच्या धर्मगुरूने त्याला ते लिहायला लावलं होतं.

पण कथेचा उगम शोधला तर तो एका निनावी पुस्तिकेत सापडतो. ती 1685 ची, म्हणजे घटनेनंतर अठ्ठावीस वर्षांनी निघालेली, आणि लिहिणारा लारोक हा प्रॉटेस्टंट, रान्सेच्या विरोधातला. रान्सेला जवळून ओळखणारा सँ-सिमों हा सरदार मात्र आपल्या आठवणींमध्ये स्पष्ट लिहितो की शिर वगैरे काही घडलं नाही. तिच्या अखेरच्या दुखण्यात रान्से तिच्याजवळच होता, तिचे अंत्यविधी त्याने पाहिले. मला हे सत्य त्या कल्पित शिरापेक्षा जड वाटलं. दार उघडून धक्का बसणं वेगळं आणि माणूस हळूहळू जाताना उशाशी बसून राहणं वेगळं.

तिच्या मृत्यूनंतर रान्से संन्यासी झाला असेल तर दुसऱ्या दिवशी तो मठात जायला हवा. तो गेला नाही. तो व्हेरेला जाऊन राहिला. वाचू लागला, पत्रं लिहू लागला, माणसांना विचारू लागला. तूरच्या एका मठातली मेर लुईज ही त्यातली पहिली. एके काळी राजबंधू गास्तोंची ती प्रेयसी होती; सगळं सोडून साध्वी झाली होती. 1660 मध्ये तो गास्तोंही वारला. रान्से त्याचा धर्मगुरू म्हणून त्या मृत्यूच्या वेळीही हजर होता. त्यानंतर तो पिरिनीज पर्वताकडच्या तीन बिशपांना भेटायला इतक्या लांब गेला, आणि त्याने विचारलेला प्रश्न अगदी व्यवहारी होता : माझ्याजवळ जे आहे त्याचं काय करू? जहागीर विकावी, अनेक पदं एकाच माणसाने बाळगणं गैर आहे, ती सोडावीत, असं उत्तर मिळालं. त्यातल्या एकाने थेट संन्यासीच हो म्हणून सुचवलं, तेव्हा रान्से दचकला. मठवासीयांचा झगा ही कल्पनाच त्याला नकोशी होती. सरदारी रक्ताला ती हलकी वाटे.

या वर्षांच्या हकिकती मी पुन्हा पुन्हा वाचल्या, कारण चरित्राचा गाभा इथेच आहे असं मला वाटतं. एकेक पद सोडायचं म्हणजे ते कोणाला द्यायचं हे ठरवायचं, कागद करायचे, नातेवाइकांची नाराजी सोसायची. व्हेरे विकलं, पैसा पॅरिसच्या रुग्णालयांकडे वळवला. शेवटी एकच पद हातात उरलं, ला त्राप, आणि तेही सर्वांत दरिद्री. डचेसच्या मृत्यूपासून त्याने स्वतः व्रत घेईपर्यंत सात वर्षं गेली. सात वर्षं माणूस दररोज थोडं थोडं सोडत होता आणि पुढचं पाऊल काय हे त्यालाही दिसत नव्हतं. याची गोष्ट सांगणं अवघड, म्हणूनच लोकांनी शिराची गोष्ट सांगितली असणार.

1662 मध्ये तो ला त्रापला राहायला गेला. हा मठ नॉर्मंडीच्या कडेला पेर्श भागात, सोलिन्यी गावाजवळ, तळ्यांनी वेढलेल्या दमट खोलगटात. स्थापना बाराव्या शतकातली. रान्से पोचला तेव्हा संन्यासी मोजके सहा-सात उरले होते, इमारती पडायला आलेल्या, दारं सताड उघडी, आणि भोजनगृहात गावकऱ्यांबरोबर चेंडूंचा खेळ चालायचा. सुधारणेचं नाव काढताच या मंडळींनी जिवे मारायच्या धमक्या दिल्या. रान्सेने राजाकडे जाण्याचा धाक घातला, मग तडजोड झाली : त्यांनी निवृत्तिवेतन घ्यावं, हवं तर तिथेच राहावं, आणि मठ पेर्सेन्यहून येणाऱ्या कडक शिस्तीच्या संन्याशांच्या हाती द्यावा. पुढच्या वर्षी राजाची परवानगी मिळवून रान्से स्वतः पेर्सेन्यच्या मठात उमेदवार म्हणून दाखल झाला. अकराव्या वर्षी ॲबट झालेला माणूस सदतिसाव्या वर्षी संन्यासाचे पहिले धडे गिरवायला बसला. जून 1664 मध्ये त्याने व्रत घेतलं, जुलैत त्याला ॲबट म्हणून आशीर्वाद मिळाला आणि तो ला त्रापला परतला. ॲबट होता तोच, आता पहिल्यांदा खराखुरा.

त्यानंतरचं रोमचं प्रकरण मला फार वेळ उमगेना. सिस्टर्शियन पंथात तेव्हा दोन तट पडले होते आणि भांडणाचं केंद्र होतं मांस. पंधराव्या शतकात पोपने मांसाहाराला सवलत दिली होती. बहुसंख्य मठ ती घेत. कडक तट म्हणे, मूळ नियमावर या. सीतोचा ॲबट क्लोद व्होसँ सौम्य तटाचा पुढारी. कडक तटाची बाजू मांडायला रान्सेला 1664 च्या अखेरीस रोमला पाठवलं गेलं. 1666 मध्ये पोप सातव्या अलेक्झांडरने निकाल दिला : कडक तटाने आपलं व्रत पाळावं, इतरांना आठवड्यातून तीनदा मांस चालेल, आणि सत्ता सीतोचीच राहील. रान्सेच्या दृष्टीने ही हार. माणसं जेवणावरून इतकी का भांडतात असं आधी वाटत होतं. पण एका ताटाचा प्रश्न सुटला की झोपेचा, कामाचा, पैशाचा, सगळ्याच सवलतींचा प्रश्न पुढे येतो, हे दोन्ही तटांना पक्कं माहीत होतं. पंथ सुधारता येत नाही हे कळल्यावर रान्से आपल्या एका मठाकडे वळला.

तिथलं जगणं कसं होतं ते फेलिबियाँ या लेखकाने 1671 च्या आपल्या वर्णनात टिपून ठेवलंय. ते मी अगदी सावकाश वाचलं. पहाटे दोनला उठायचं, हिवाळ्यात सातला आणि उन्हाळ्यात आठला निजायचं, तेही अंगावरच्या कपड्यांनिशी, गवत भरून टाचलेल्या कडक गादीवर. भोजनगृहातल्या लांब टेबलांवर कापड नाही. लाकडी चमचा. पालेभाजीचं पातळ सूप, मसूर किंवा एखादी भाजी, जाडा पाव, थोडी सफरचंदाची दारू, जी त्या मुलखात सगळेच पितात. मांस, मासे, अंडी, लोणी यांतलं काही नाही. रोज तीन तास अंगमेहनत : खणणं, झाडलोट, शेणखत वाहणं, धुणं. एकेकाळचे सरदार, सैन्याधिकारी, इतर पंथांतले विद्वान यात होते. बोलायचं फक्त ॲबटशी. एरवी हातांच्या खुणा. एकमेकांशेजारी वर्षानुवर्षं राहून एकमेकांची नावं किंवा पूर्वायुष्य ठाऊक नसणं हे तिथे नेहमीचं. मर्टनच्या पुस्तकात मला भुरळ घालणारं मौन ते हेच. इथे त्याची धार पहिल्यांदा जाणवली.

कारण ती माणसं मरत होती. ओल, अपुरं अन्न, थंडी. विशेषतः 1670 च्या दशकात एकामागोमाग तरुण संन्यासी गेले. रान्सेने या मृत्यूंची वर्णनं लिहिली आणि ती पुस्तकरूपाने निघाली. लोकांनी ती आवडीने वाचली, आणि वाचून आणखी लोक ला त्रापला दाखल व्हायला आले. मला ही पानं वाचवेनात. शिवाय तिथे एक प्रथा होती : संन्याशाला नम्र करण्यासाठी वरिष्ठाने त्याला न केलेल्या चुकीबद्दलही सर्वांदेखत बोल लावायचा. गियोम ल रुआ या ॲबटने, जो रान्सेचा मित्रच होता, याला हरकत घेतली. हे खोटं बोलणं आहे आणि ते प्रेमाच्या विरुद्ध आहे, असा त्याचा मुद्दा. रान्सेने इजिप्त-सिनायच्या वाळवंटातल्या प्राचीन तपस्व्यांचे दाखले देऊन प्रथेची बाजू घेतली. मी दोन्ही बाजू वाचल्या आणि ल रुआच्या बाजूने उभी आहे. मात्र वाळवंटातल्या तपस्व्यांचा उल्लेख आल्यावर माझं जुनं कोडं सुटायला लागलं. रान्से बेनेडिक्ट वाचत होता तो त्याच्याही आधीच्या त्या तपस्व्यांच्या नजरेने. नियमावलीतली सौम्य वाक्यं त्याच्या दृष्टीने दुबळ्यांसाठीची सूट होती. खरा दंडक वाळवंटातला.

1683 मध्ये त्याने संन्यासधर्मावर मोठा ग्रंथ छापला आणि त्यात विद्याभ्यास संन्याशाचं काम नव्हे असं ठाम मांडलं. संन्याशाचं काम दोनच : स्वतःच्या पापांबद्दल रडणं आणि हातांनी राबणं. याला उत्तर दिलं झाँ माबियों या बेनेडिक्टाइन संन्याशाने. हा पॅरिसच्या सँ-जेर्मँ-दे-प्रे मठातला. जुनी कागदपत्रं खरी की बनावट हे अक्षर, शाई, शिक्के, भाषा यांवरून कसं ओळखावं याचं शास्त्र त्याने 1681 च्या आपल्या ग्रंथात घालून दिलं. आजही इतिहास लिहिणारे त्याच्या ऋणात आहेत. 1691 मध्ये माबियोंने अभ्यासाच्या बाजूने ग्रंथ लिहिला, 1692 मध्ये रान्सेने खंडन केलं, त्याच वर्षी माबियोंचं प्रत्युत्तर आलं. माबियोंचा स्वर इतका शांत, इतका सभ्य आहे की प्रतिस्पर्ध्याचा अपमान होईल असा शब्द सापडत नाही. माझं मन पूर्णपणे त्याच्याकडे आहे. ज्याने तेराव्या वर्षी ग्रीक कवी संपादित केला त्यानेच इतरांना पुस्तकं नाकारावीत, हे मला पटत नाही. पण 1693 मध्ये माबियों स्वतः ला त्रापला गेला, दोघे वृद्ध भेटले, आणि कटुता उरली नाही. मत कोणीही बदललं नाही.

शेवटच्या वर्षांबद्दल थोडक्यात. सिंहासन गमावलेला इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स 1690 पासून इथे मुक्कामाला येऊ लागला. 1695 मध्ये आजारी रान्सेने पद सोडलं. नंतरचा ॲबट वर्षभरातच वारला, त्यानंतरच्याशी पटलं नाही. चित्र काढून घ्यायला रान्से कधीच तयार नव्हता, म्हणून 1696 मध्ये तरुण सँ-सिमोंने राजदरबारचा चित्रकार यासँत रिगो याला सैन्याधिकारी असल्याचं सांगून भेटीला नेलं. रिगो गप्प बसून बघत राही आणि बाहेर आल्यावर आठवणीने रंगवी. नंतर सँ-सिमोंने पत्रातून सगळं कबूल केलं. रान्से दुखावला, पण त्याने क्षमा केली. 27 ऑक्टोबर 1700 रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पंथाच्या रिवाजानुसार राख आणि गवतावर झोपवलेल्या अवस्थेत तो गेला.

आता मी त्याची पत्रं वाचते आहे. ऑक्सफर्डचे अभ्यासक ए. जे. क्रेल्सहायमर यांनी ती जमवून इंग्रजीत दोन खंड आणले. ग्रंथातला रान्से आणि पत्रातला रान्से वेगळे आहेत. विद्याभ्यासाला नकार देणारा हा माणूस आयुष्यभर लिहीत होता, उतारवयात लेखनिकाकडून लिहवून घेत होता : साध्वींना, बिशपांना, दरबारातल्या बायकांना, पंथ सोडू पाहणाऱ्यांना. ला त्रापसारखी तपश्चर्या आपल्या मठात सुरू करू का असं कोणी विचारलं की तो बहुधा थांबवतो. आहात तिथेच राहा, आपल्या वरिष्ठांचं ऐका, प्रकृती सांभाळा असं सांगतो. बेनेडिक्टने दोन शिजवलेले पदार्थ ठेवायला सांगितले होते, ती जाण इथे आहे. फक्त ती मठाच्या भिंतीबाहेरच्यांसाठी होती. आत का नव्हती, हे विचारतच मी पुढचं पत्र उघडते.